एकटीनं परिक्रमेला निघताना
(मासिक बैठकीतील मनोगत)

ताईंनो, नर्मदामैया १,३१२ किलोमीटर लांब. तिला उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालायचे, म्हणजे अडीच हजारांवर किलोमीटर. त्यात सातपुड्याचे डोंगर. एकटीनं जायचं तर नुसती श्रद्धा पुरत नाही. तीन महिने आधीपासून रोज चाला, पुढं पुढं भरलेली पिशवी पाठीला लावून. बूट घरीच वापरून सैल करा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या. कर्जाचा हप्ता मागं कोण भरणार, ते गटात ठरवून लिहून ठेवा. डोंगरात रेंज नसते, म्हणून पुढचा मुक्काम आदल्या दिवशीच घरी कळवा. अंधाराआधी थांबा. आणि पाय उचलेनासा झाला तर परत या, त्यात लाज कसली? मैया पुढच्या वर्षीही तिथंच आहे.