जुन्या जीपचं स्टिअरिंग



वरणगाव परिसरात ज्यांच्या खळ्यात वडिलांच्या वेळची महिंद्रा जीप किंवा तिच्याच सांगाड्यावरची पिकअप अजून उभी आहे, त्यांच्याशी आज मला बोलायचं आहे. विलीज जीपचे सुटे भाग आणून महिंद्राने १९४७ पासून इथे गाड्या जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांत स्टिअरिंगचा शाफ्ट व्हीलपासून थेट खालच्या स्टिअरिंग बॉक्सपर्यंत अखंड असतो. समोरून जोरात धडक बसली, तर तो मागे सरकून ड्रायव्हरच्या छातीवर येऊ शकतो. धडकेत स्वतः दबणारे कॉलम अमेरिकेत १९६८ च्या सुमाराला सक्तीचे झाले; आपल्या या गाड्यांची रचना त्याआधीची.

असा शाफ्ट मुळातच धोक्याचा, त्यात तो कमकुवत तरी नको. म्हणून माझा आग्रह एकच: चिरलेल्या शाफ्टला वेल्डिंग करू नका, तो बदला. टाक्याच्या शेजारचं लोखंड तापून आपला मूळ कस गमावतं, आणि पुढे तिथेच तुटतं. केळीचा माल भरलेला असताना, हायवेवर.

पण बदलायच्या आधी दोष कुठे आहे ते बघा. चाकं सरळ ठेवून एकाने व्हील हलकेच डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने खाली वाकून बॉक्सला जोडलेल्या ड्रॉप आर्मकडे बघावं. व्हील फिरतं आणि आर्म जागचा हलत नाही, तर ढिलेपणा, म्हणजे प्ले, बॉक्समध्ये. आर्म हलतो पण चाकं हलत नाहीत, तर रॉडचे एंड गेले. व्हील वर-खाली डुगडुगत असेल, तर बहुधा कॉलमच्या वरच्या टोकाचं बेअरिंग झिजलं आहे; तेवढ्यासाठी सगळा शाफ्ट काढायची गरज नाही.

शाफ्ट काढावाच लागला, तर आधी बॅटरीची वायर सोडा, कारण हॉर्नची वायर कॉलममधूनच येते. व्हील आणि शाफ्टवर पंचने खूण करा. व्हील पुलरनेच काढा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला, की तो मार थेट खाली बॉक्समधल्या बेअरिंगला बसतो. घाईत असलेले मिस्त्री नेमकं इथेच नुकसान करतात.

भंगारातून दुसरा शाफ्ट आणलात, तर तो त्याच मॉडेलचा हवा. आधी सपाट फरशीवर लोळवून वाक बघा. मग रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. चीर असेल, तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर बारीक काळपट रेघ उमटते. रेघ दिसली, तर तो शाफ्ट कितीही स्वस्त मिळाला असला तरी परत करा.

जोडताना बॉक्स मधोमध आणा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजा आणि बरोबर निम्म्यावर थांबा. चाकं सरळ ठेवून ड्रॉप आर्म तिथे बसवा. बाजूचा ॲडजस्टिंग स्क्रूही याच जागी आवळायचा. टोकाला असताना प्ले काढला, तर स्टिअरिंग मध्यावर अडकतं.

  

काम झालं, की पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. कुठे अडकतं का, ब्रेकची नळी ताणते का, ते बघा. पहिली खेप रिकामीच न्या. परत आल्यावर ड्रॉप आर्मचा नट आणि बॉक्सचे बोल्ट पुन्हा पाना लावून तपासा.