आपली आहे, बाई आहे… पुढं काय?

आज बचत, हप्ता, व्याज असला विषय नाही. आज मताविषयी बोलू या. मत कुणाला द्यायचं हे मी सांगणार नाही. ते माझं काम नाही आणि आपल्या या रेडिओचंही नाही. कुणाला द्यायचं हे आपण ठरवतो कसं, एवढंच आज बघायचं आहे.

प्रचाराच्या दिवसांत वाड्या-वस्त्यांवर तीन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, "आपल्या जातीचा माणूस आहे." दुसरं, "बाई उभी आहे, बाईला बाईचं दुःख कळतं." आणि तिसरं, "एवढा मोठा हिरो येऊन सांगून गेला, म्हणजे त्यात काहीतरी असेलच की." ही वाक्यं ऐकून कुणी म्हणतं, खेड्यातल्या बायांना काय कळतंय! तर बायांनो, असं काही नाही. देशाचा राष्ट्रपती निवडतानाही हेच बोललं जातं, आणि तिकडं अमेरिकेतही हेच बोललं जातं.

आधी राष्ट्रपतीचं बघू. राष्ट्रपतीला आपण थेट मत देत नाही. आपण निवडून दिलेले आमदार आणि खासदार ते देतात. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताची किंमत १७५ धरतात. १९७१ च्या लोकसंख्येवरून हा आकडा काढलेला आहे. म्हणजे आपल्या केजच्या आमदाराचं एक मत १७५ च्या तोलाचं. २००७ ला आपल्या आमदार होत्या विमलताई मुंदडा, २०१७ ला संगीताताई ठोंबरे आणि २०२२ ला नमिताताई मुंदडा. मतदान गुप्त असतं आणि या निवडणुकीत पक्षाला व्हिप, म्हणजे सक्तीचा आदेश, काढता येत नाही.

२००७ मध्ये प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या. आपल्या महाराष्ट्राच्या, जळगावच्या लेक. त्या काँग्रेसच्या आघाडीकडून उभ्या होत्या आणि समोर भैरोसिंह शेखावत होते. शिवसेना तेव्हा भाजपच्या बरोबर होती, म्हणजे तिची मतं शेखावतांना जायला हवी होती. पण बाळासाहेब ठाकरेंनी सांगितलं, मराठी बाई राष्ट्रपती होतेय, आमचा पाठिंबा तिला. प्रतिभाताईंना ६ लाख ३८ हजारांवर मतमूल्य मिळालं आणि देशाला पहिली महिला राष्ट्रपती मिळाली.

२०२२ ला द्रौपदी मुर्मू उभ्या राहिल्या. ओडिशातल्या संथाळ आदिवासी समाजाच्या. १९९७ मध्ये रायरंगपूर नगर पंचायतीच्या नगरसेविका म्हणून त्यांची सुरुवात झाली. आपल्या केजलाही नगर पंचायतच आहे, म्हणजे सुरुवात किती जवळची बघा. त्या भाजपच्या आघाडीच्या उमेदवार होत्या. उद्धव ठाकरे तेव्हा काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या बरोबर होते, तरी त्यांनी पाठिंबा मुर्मूंना दिला. झारखंड मुक्ती मोर्चाही काँग्रेसच्या बरोबर होता, त्यानंही आदिवासी उमेदवार म्हणून त्यांनाच पाठिंबा दिला.

या दोन वेळचं बघून वाटतं, ओळख म्हणजे केवढी ताकद! प्रांत, जात, बाई असणं, यापुढं पक्षसुद्धा बाजूला झाले.

पण आता २०१७ बघा. एका बाजूला रामनाथ कोविंद, दुसऱ्या बाजूला मीरा कुमार. दोघंही दलित समाजातले. मीरा कुमार तर बाई, शिवाय लोकसभेच्या माजी अध्यक्ष. जात दोन्हीकडं सारखीच झाली, मग ठरलं कशावर? कुणाच्या बाजूला किती आमदार आणि किती खासदार, त्यावर. कोविंद मोठ्या फरकानं निवडून आले. मीरा कुमार बाई आहेत म्हणून दुसऱ्या बाजूचे पक्ष काही त्यांच्याकडं आले नाहीत. म्हणजे ओळख कधी पक्षाच्या वर जाते, कधी जात नाही.

आपल्या केजला तर हे नवीन नाही. आपला मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. उभे राहणारे सगळे त्याच प्रवर्गातले आणि मतदार मात्र सगळ्या जातींचे. २०१४ च्या विधानसभेला मुख्य लढत संगीताताई ठोंबरे आणि नमिताताई मुंदडा यांच्यात झाली. दोघीही बायाच. तेव्हा "बाई आहे म्हणून मत द्या" असं म्हणून कुणाची सुटका होणार होती? आपल्याला दुसरं काहीतरी बघावंच लागलं. कुणी पक्ष बघितला, कुणी काम, कुणी घराणं, तर कुणी आपलं कोण ऐकतं ते. म्हणजे दुसरं काहीतरी बघता येतं, आणि ते आपण बघितलेलं आहे.

आता थोडं अमेरिकेकडं जाऊ. तिथं आपली जात नाही, पण गोरे आणि काळे हा भेद जुना आणि खोल आहे. २००८ मध्ये बराक ओबामा हे पहिले काळे राष्ट्राध्यक्ष निवडून आले. त्यांच्या बाजूनं ओप्रा विन्फ्री नावाच्या बाई उभ्या राहिल्या. टीव्हीवरचा त्यांचा कार्यक्रम घराघरात बघितला जायचा. पक्षाच्या आतल्या निवडणुकीत त्यांच्या शब्दामुळं ओबामांना सुमारे १० लाख जास्त मतं मिळाली असतील, असा अंदाज दोन अर्थतज्ज्ञांनी मांडला.

मग २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन उभ्या राहिल्या. त्यांना समोरच्या डोनाल्ड ट्रम्पपेक्षा २८ लाखांहून जास्त मतं पडली, तरी तिथल्या राज्यवार पद्धतीमुळं त्या हरल्या. २०२४ ला कमला हॅरिस उभ्या राहिल्या. त्यांचे वडील जमैकाचे, आई तमिळनाडूची. आजोबांच्या तुळसेंद्रपुरम गावात त्यांचे फलक लागले, देवळात पूजा झाल्या. गावाला आपल्या नातीचा अभिमान वाटला, पण त्या गावाला अमेरिकेत मत नव्हतं. टेलर स्विफ्ट या फार मोठ्या गायिकेनंही कमलाताईंना पाठिंबा दिला. तिनं दिलेल्या दुव्यावरून एका दिवसात सुमारे ४ लाख माणसं मतदार नोंदणीची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर गेली. तरीही कमला हॅरिस हरल्या.

बायांनी बाईला मत दिलं नाही का? मतदानानंतरच्या पाहणीत दिसलं, की काळ्या बायांपैकी दर दहात नऊच्या आसपास जणींनी कमलाताईंना मत दिलं. गोऱ्या बायांपैकी मात्र निम्म्याहून जास्त जणींनी ट्रम्प यांना दिलं. म्हणजे सगळ्या बाया एका रांगेत उभ्या राहत नाहीत. बाईला वर्ण असतो, पोट असतं, महागाई असते, घर असतं, स्वतःचं मतही असतं. अमेरिकेत आजवर एकही बाई राष्ट्राध्यक्ष झालेली नाही.

चेहऱ्याचं आपल्याकडचं उदाहरण गोविंदाचं. २००४ मध्ये उत्तर मुंबईतून सिनेमातला गोविंदा लोकसभेला उभा राहिला आणि तेव्हाचे केंद्रीय मंत्री राम नाईक यांना त्यानं हरवलं. नाईक तिथून पाच वेळा निवडून आलेले होते. पुढच्या, २००९ च्या निवडणुकीला गोविंदा उभाच राहिला नाही. चेहरा गर्दी जमवतो, कधी निवडूनही येतो. पण पाच वर्षांचं काम चेहऱ्यावर चालत नाही.

हिरो-हिरोईन प्रचाराला येतात त्याचा एक नियमही माहीत असू द्या. मान्यताप्राप्त पक्षाला ४० स्टार प्रचारकांची यादी देता येते. यादीतल्या माणसाचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खर्चात धरत नाहीत. तेव्हा हेलिकॉप्टर उतरलं की बघायला जरूर जा, लेकरांनाही दाखवा. फक्त एक मनाशी विचारा, हा माणूस उद्या आपल्या पाण्याच्या टाकीसाठी येणार आहे का?

आता जरा अवघड गोष्ट. २०२४ ची लोकसभा आठवा. बीडमधली लढत साऱ्या राज्यात मराठा आणि ओबीसी अशी बोलली गेली. अवघ्या ६ हजार ५५३ मतांनी निकाल लागला. तो उन्हाळा आपण सगळ्यांनी बघितलाय. कोणत्या दुकानातून किराणा घ्यायचा इथपर्यंत बोलणं गेलं होतं. मी ज्या गटांबरोबर काम करते त्यातल्या एका गटात महिन्याच्या बैठकीला दोन बाजूंना दोन सतरंज्या पडल्या. इकडं एका समाजाच्या, तिकडं दुसऱ्या समाजाच्या. शेजारणी शेजारणींशी बोलेनात. एकीनं तर म्हटलं, माझी बचत मला परत द्या, मी निघते.

त्या गटावर बँकेचं कर्ज होतं. दहा जणींच्या नावावर एकच कर्ज. तेव्हा गटाच्या सचिव ताई उठल्या, वही उघडली आणि कुणाचा हप्ता कधी कुणी भरला ते वाचून दाखवलं. एकीचा नवरा दवाखान्यात होता तेव्हा दुसऱ्या समाजाच्या बाईनं तिचा हप्ता भरला होता. दुसरीची लेक बाळंत झाली तेव्हा पहिलीनं दोन महिने तिची शेळी सांभाळली होती. सगळ्या गप्प झाल्या. गट टिकला. मनं लगेच साफ झाली असं मी म्हणणार नाही, पण पुढच्या महिन्यात सतरंजी एकच होती.

म्हणून सांगते, जात बघू नका असं मी म्हणत नाही. ज्या समाजाला शेकडो वर्षं कुणी विचारलं नाही, त्याला आपलं माणूस वर गेल्यावर आनंद होणारच. मुर्मूताई राष्ट्रपती झाल्या तेव्हा आदिवासी पाड्यांवर ढोल वाजले, ते खोटं नव्हतं. पण जातीच्या नावानं मत मागणं हा निवडणुकीच्या कायद्यात भ्रष्ट प्रकार आहे. सर्वोच्च न्यायालयानं २ जानेवारी २०१७ ला हे आणखी पक्कं केलं. उमेदवाराची जात असो की मतदाराची, तिच्या नावावर मत मागता येत नाही. ते प्रकरण मुंबईतल्या सांताक्रूझच्या एका निवडणुकीतूनच उभं राहिलं होतं.

आणि बाई? आपल्या बीडनं बायांना कमी वेळा निवडून दिलेलं नाही. केशरकाकू क्षीरसागर, रजनीताई पाटील, प्रीतमताई मुंडे या आपल्या खासदार झाल्या. विमलताई तर राज्याच्या आरोग्यमंत्री होत्या. त्याचा फायदा हा, की आपल्या लेकींना बाई खुर्चीवर बसलेली नवीन वाटत नाही. हे काही थोडं नाही. पण बाई निवडून गेली म्हणून आपला प्रश्न आपोआप वर जातो, असंही नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हे आपल्याला घराघरात माहीत होतं. त्यावर सरकारी समिती बसली ती २०१९ ला, नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली. ८२ हजार ३०९ बायांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. बायांनी आवाज केला, बातम्या आल्या, तेव्हा कुठं हा आकडा कागदावर आला. आपण विचारलं की उत्तर द्यावं लागतं, मग समोर बाई असो की गडी.

पुढं हे जास्तच लागणार आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्याला आहेतच. लोकसभा आणि विधानसभेतही एक तृतीयांश जागा बायांना देणारा कायदा २०२३ ला झाला आहे. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर तो लागू व्हायचा आहे. तेव्हा समोर दोन-तीन बायाच उभ्या असतील, आणि "बाई आहे" एवढ्यावर भागणार नाही.

मग करायचं काय? एक साधी गोष्ट सांगते. वहीच्या एका पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात उमेदवाराची ओळख लिहा. गाव, जात, बाई की गडी, कुणाची सून, कुणाचा मुलगा, सगळं लिहा, लपवू नका. दुसऱ्यात आजवर काय काम केलं ते लिहा. उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतो. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे हे त्यात असतं आणि निवडणूक आयोगाकडून ते मोबाईलवर बघता येतं. शिकलेल्या लेकीला सांगा, ती काढून देईल. तिसऱ्या रकान्यात आपले प्रश्न लिहा. पाणी, दवाखान्यात बाईडॉक्टर, कारखान्यावर जाताना लेकरांची शाळा, मुकादमाच्या उचलीचा हिशोब. प्रत्येकासमोर उमेदवार काय म्हणाला ते लिहा. काही बोललाच नाही तर जागा रिकामी सोडा. रिकामी जागाही पुष्कळ सांगते.

पान भरलं की घडी घाला आणि घरी न्या. गटात हात वर करून कुणाला मत ते ठरवायचं नाही. गटाचा पाठिंबा म्हणून कुणालाही शब्द द्यायचा नाही. कुणी सभेला बाया भरून आणा म्हणालं, तर गट त्यासाठी नाही हे सरळ सांगा. मत तुमचं एकटीचं आहे आणि ते गुप्त आहे. नवऱ्यालाही सांगायची सक्ती नाही आणि मलाही नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रश्नांचा तो तिसरा रकाना तेवढा घेऊन या. सगळ्या जातींच्या बायांचे प्रश्न किती सारखे निघतात, ते एकत्र बसून बघू.