‘जामीन’ नावाचा कुत्रा



ज्या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले, तेथे तुरुंगातल्या एका निवृत्त शिपायाला उभे करण्यात संयोजकांनी थोडे धाडसच केले आहे. आमची उभी हयात कुलपे लावण्यात आणि काढण्यात गेली. तेव्हा व्याख्यान म्हणतात ते आम्हांला साधेल असे वाटत नाही. जे पाहिले ते सांगतो.

तुरुंग म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे भिंत उभी राहते. माणसाला अडवणारी ही भिंत रोगालाही अडवील, असा आमचाही समज होता. इतिहास मात्र उलटा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिनसाहेबांनी त्यावरची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात रोग भायखळ्याच्या तुरुंगात शिरला. तेथल्या सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वखुषीने लस घेतली. त्यांच्यांत लागण पुष्कळच कमी झाली. (कैद्याच्या बाबतीत ‘स्वखुषी’ हा शब्द कितपत ताणता येतो, हे आम्हांला विचारा. पण ते असो.) परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले; हात पुढे करणाऱ्या कैद्यांची नावे कोणाच्या तोंडी राहिली नाहीत.

२०२० सालच्या करोनाच्या साथीतही तेच घडले. एप्रिलमध्ये मुंबई, भायखळा, ठाणे, कल्याण आणि येरवडा येथील तुरुंग सरकारने बंद केले. म्हणजे कर्मचाऱ्यांनीही पाळीपाळीने भिंतीआडच मुक्काम करायचा, बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. तरीही मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आर्थर रोडच्या तुरुंगात ७७ कैदी आणि २६ कर्मचारी बाधित निघाले. त्या तुरुंगाची सोय ८०४ माणसांची, आणि आत होती त्याच्या तिपटीहून अधिक. हा विषाणू श्वासावाटे पसरतो. जेथे कूस बदलायची तर शेजाऱ्याला हलवावे लागते, तेथे ‘सहा फूट अंतर ठेवा’ ही पाटी वाचून कैदी हसत. आम्हीही हसलो.

आम्ही नोकरीला होतो तो तुरुंग दुसरा. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. आमच्या पाळीच्या जागेशी एक म्हातारा कैदी बसत असे. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. रात्री बाराच्या सुमारास तो आम्हांला वेळ विचारी; रोज विचारी. एका आठवड्यात त्यालाही ताप आला आणि आम्हांलाही. आम्ही बरे होऊन इस्पितळातून बाहेर आलो. तो आला नाही. लागण त्याची आम्हांला झाली की आमची त्याला, हे कोण सांगणार? पण तो काही बाजारात जाऊन आला नव्हता. फाटकातून ये-जा करणारे आम्ही होतो.

अशा मनःस्थितीत आम्ही पोलादपुराकडे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या आमच्या वाडीत आलो. गावाने वेशीवरूनच शाळेत नेऊन ठेवले, चौदा दिवस. त्या वर्षी मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याची हीच तऱ्हा. तिसरीच्या वर्गात आम्ही. आणि पलीकडे, चौथीच्या वर्गात, एक कैदी! सर्वोच्च न्यायालयाच्या २३ मार्चच्या आदेशानंतर गर्दी कमी करण्यासाठी सात वर्षांच्या आतली शिक्षा असणाऱ्यांना आकस्मिक अभिवचन रजा मिळू लागली होती, त्यांतला हा. आमच्या तुरुंगातला नव्हे, पण आम्ही कोण हे त्याने उभे राहण्याच्या पद्धतीवरूनच ओळखले. जन्मभर आम्ही गजांच्या या बाजूला होतो. आता दोघांच्याही दाराबाहेर भाकरीचे ताट ठेवून माणसे दूर सरत होती.

त्या व्हरांड्यात एक गावठी पिल्लू आले. अंग पिवळट, एक कान उभा, एक पडलेला. पुढचे पाय पसरायचे, छाती भुईला टेकायची आणि मागचा भाग वर करून शेपूट हलवायचे. ‘आता चावेन तो लटका’ ही कुत्र्यांच्या भाषेतली आगाऊ सूचना. आमची एक चप्पल चौथीत, त्याचा पंचा तिसरीत, अशी त्याची वाहतूक सुरू झाली. त्या पाहुण्याने त्याचे नाव ठेवले ‘जामीन’. सकाळी पिल्लू दिसले की तो ओरडे, “साहेब, जामीन आला!” आणि आम्ही कित्येक आठवड्यांनी हसलो.

गावकऱ्यांना मात्र ते खपेना. हे पोर शाळेतून घरोघर रोग नेणार, म्हणून दगड मारू लागले. हाँगकाँगमध्ये एका कुत्र्याला लागण झाल्याची बातमी फेब्रुवारीपासून सगळीकडे फिरत होती. त्या कुत्र्याला ती माणसाकडून लागली होती, एवढे मात्र कोणी सांगत नव्हते. कुत्र्यापासून भ्यायचेच तर रेबीजच्या विषाणूला भ्यावे. त्याची लस पाश्चरने १८८५ सालीच माणसाला टोचली होती, आणि ती कुत्र्यालाही देता येते.

३ जूनला निसर्ग वादळ आले. चौथीचे पत्रे उडाले. आम्ही दार उघडून त्याला आत घेतले. तोंडाला रुमाल बांधून दोघे दोन कोपऱ्यांत बसलो, आणि पिल्लू मध्ये थरथरत होते. कोणाकडे जावे ते त्याला कळेना. शेवटी त्यानेच ते उचलून आमच्याकडे ढकलले. म्हणाला, “तुम्ही घ्या साहेब. माझा काय भरवसा, हुकूम आला की जायचे.” त्या रात्री आम्ही त्याला म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग विचारले ते एवढेच, “वेळ सांगत होता ना त्याला?” सांगत होतो, हे खरे होते.

घरी नेल्यावर सौभाग्यवतींनी दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी नाचणीची भाकरी कुस्करून घातली. पुढे पशुवैद्याकडे नेऊन रेबीजची लस टोचली. रजेची मुदत वाढत वाढत २०२२ उजाडले, परत हजर होण्याचे हुकूम निघाले. निघण्याच्या आदल्या दिवशी तो घरी आला. जामीनने त्याची वहाण पळवली ती परसात पुरून ठेवली. शोधण्यात तासभर गेला, एस.टी. चुकली, माणूस एक रात्र आमच्या ओटीवर राहिला आणि पहाटेच्या गाडीने वेळेवर हजर झाला.

आता तोही सुटून आला आहे, शेती करतो. जामीनला मात्र आज आम्ही बरोबर आणला आहे. बांधून ठेवणे आम्हांला आता जमत नाही, म्हणून तो बाहेर आपल्या चपलांपाशी मोकळाच बसला आहे. घरी जाताना कोणाला एकच पाय सापडला, तर कृपा करून आमच्याशी संपर्क साधावा.