अर्धवट फीचर मेन ब्रँचमध्ये घ्यावं का?

ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. कुणीतरी मोठं फीचर लिहायला घेतलंय, निम्मं झालंय, निम्मं राहिलंय. ते मेन ब्रँचमध्ये घ्यायचं, की पूर्ण होईपर्यंत वेगळ्या ब्रँचवर ठेवायचं?

बरेच जण चटकन म्हणतात, "वेगळं ठेवा, झालं की मर्ज करू." ऐकायला बरं वाटतं. पण ती ब्रँच तीन महिने तशीच राहिली की काय होतं, ते पाहा. तोवर मेन पुढे गेलेली असते. फंक्शनांची नावं बदललेली, फाइली इकडच्या तिकडे झालेल्या. मग मर्ज करायचं म्हणजे निम्मं काम पुन्हा करायचं. कंपनीत ते करून घ्यायला साहेब असतो, आपल्याकडे नसतो. कॉलेज सांभाळून रात्री पॅच लिहिणारी मुलगी तिसऱ्यांदा तेच कॉन्फ्लिक्ट सोडवताना वैतागते आणि पुन्हा फिरकत नाही. फीचर जातं आणि माणूसही जातो. माझ्या मते दुसरं नुकसान मोठं.

म्हणून मी म्हणतो, अर्धवट काम आत घ्या. पण घेतानाच ते बाहेर कसं काढायचं, हेही ठरवून ठेवा.

लिनक्स कर्नलकडे बघू. २००८ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तिथे 'स्टेजिंग' नावाचा विभाग सुरू केला. चालतो, पण दर्जाला उतरलेला नाही, असा ड्रायव्हर तिथे ठेवायचा. सोबत एक टूडू फाइल, म्हणजे बाहेरच्या मुख्य विभागात जाण्याआधी काय काय करायचं राहिलंय त्याची यादी. असा ड्रायव्हर लोड केला की कर्नल लॉगमध्ये लिहितो, की या मॉड्यूलचा दर्जा माहीत नाही, तुम्हाला सावध केलेलं आहे. शिवाय कर्नलवर एक खूण उमटते. पुढे बिघाडाची तक्रार आली, तर तपासणाऱ्याला ती खूण लगेच दिसते. कर्नलच्या कोडमध्ये त्या खुणेला दिलेलं नाव चक्क 'क्रॅप' आहे. आपल्याकडे कुणी कोडला इतकं उघड 'कचरा' म्हणेल असं मला वाटत नाही, पण त्या स्पष्टपणाचा उपयोग होतो.

आता बाहेर काढण्याचं. लस्टर ही महासंगणकांवर वापरली जाणारी फाइलसिस्टिम. तिचा क्लायंट २०१३ मध्ये स्टेजिंगमध्ये आला. पण तिचं खरं काम कर्नलच्या बाहेर, वेगळ्या झाडावर चालू राहिलं आणि आतली प्रत मागे पडत गेली. पाच वर्षं वाट पाहून २०१८ मध्ये ती काढून टाकली. लस्टर बंद पडली नाही, बाहेर चालूच राहिली. काढणं सोपं गेलं, कारण ती पहिल्यापासून एका बाजूला होती आणि कर्नलचा बाकीचा कोड तिच्यावर अवलंबून नव्हता.

उलट उदाहरणही कर्नलचंच. तिथे पूर्वी 'एक्स्परिमेंटल' नावाचा एकच पर्याय असे. तो चालू केला की सगळ्या कच्च्या गोष्टी बिल्ड करताना निवडायला मिळत. पण त्या यादीत लोकांना खरोखर लागणारे ड्रायव्हरही होते, आणि कितीतरी गोष्टी केव्हाच पक्क्या झाल्या तरी त्यांच्यावरचं लेबल कुणी काढलं नव्हतं. त्यामुळे जवळजवळ सगळ्याच डिस्ट्रिब्यूशन तो पर्याय चालूच ठेवत. ज्या दाराला कधीच कडी लागत नाही, त्याला दार कशाला म्हणायचं? २०१३ च्या सुमारास तो पर्याय मोडीत काढला गेला.

रस्ट भाषेने हीच गोष्ट जास्त काटेकोर केली. तिथे प्रत्येक अपुऱ्या फीचरला स्वतःचं नाव असतं. ते वापरायचं तर फाइलच्या माथ्यावर त्या नावानिशी लिहावं लागतं, आणि तेही फक्त रोज रात्री बनणाऱ्या नाइटली कंपायलरवर. स्थिर कंपायलर सरळ नकार देतो. त्याचा फायदा असिंक-अवेटच्या वेळी दिसला. नाइटलीवर 'अवेट' आधी मॅक्रोच्या रूपात होतं. पुढे भरपूर वाद झाले, रूप बदललं, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये १.३९ आवृत्तीत शेवटी टिंब देऊन लिहायचं 'अवेट' स्थिर झालं. स्थिर कंपायलरवर प्रोग्राम लिहिणाऱ्या कुणाचंही त्या बदलाने काही मोडलं नाही, कारण जुनं रूप त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

आता मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती जागा. फीचर फ्लॅग बंद केला की कोड चालायचा थांबतो. पण त्या कोडने डिस्कवर जे लिहून ठेवलं, ते तसंच राहतं. नवा डेटाबेस कॉलम, नव्या पद्धतीची फाइल, बदललेला कॅश. फ्लॅग बंद, आणि जुन्या कोडला ती फाइल वाचताच येत नाही. वापरणाऱ्याचे लग्नाचे फोटो त्या फाइलीत असतील, तर "फीचर प्रायोगिक होतं" हे उत्तर त्याच्या काय कामाचं?

ईएक्सटी४ लिहिणाऱ्यांनी ही काळजी घेतली होती. २००६ मध्ये ती फाइलसिस्टिम कर्नलमध्ये आली तेव्हा तिचं नाव 'ईएक्सटी४डेव्ह' होतं. डिस्कवरची मांडणी अजून बदलू शकते, हे नावातच सांगितलेलं. 'डेव्ह' गळून पडलं ते २००८ च्या अखेरीस, २.६.२८ मध्ये. तुमच्या प्रकल्पातलं अर्धवट फीचर काही साठवून ठेवत असेल, तर त्याची फाइल वेगळी, एक्स्टेन्शन वेगळं. जुन्या फाइलीला हात लावू देऊ नका. या बाबतीत मी पॅच परत पाठवतो, मग लिहिणारा कितीही जुना मित्र असो.

फ्लॅगांची संख्याही कमी ठेवा. दहा फ्लॅग म्हणजे चालू-बंदच्या १०२४ जोड्या, आणि त्या सगळ्या कुणीच तपासत नाही. निदान प्रत्येक फ्लॅग एकेकदा चालू करून चाचण्या रोज आपोआप चालाव्यात. नाहीतर बंद फ्लॅगमागचा कोड कधी मोडला, ते कळणारच नाही. फ्लॅगशेजारी दोन ओळी लिहा. सांभाळणारं कोण, आणि कोणत्या रिलीजपर्यंत निर्णय घ्यायचा. ते रिलीज आलं आणि सांभाळणाऱ्याचं उत्तर नाही, तर कोड काढायचा. गिटमध्ये तो राहतोच, उद्या परत आणता येतो. काढताना त्या माणसाला चार बऱ्या शब्दांत पत्र मात्र लिहा. तो परत येण्याची शक्यता त्या पत्रावर असते.

आणि जमलं तर फ्लॅगच लागू नये असं काम तोडा. कर्नलमधलं रिअल-टाइमचं काम २००४ च्या आसपास सुरू झालं आणि ते पूर्णपणे मुख्य कर्नलमध्ये आलं २०२४ मध्ये, ६.१२ आवृत्तीच्या वेळी. मधली वीस वर्षं ते नुसतं बाहेर पडून नव्हतं. थ्रेडमध्ये चालणारे इंटरप्ट हँडलर, अचूक टायमर, एफट्रेससारखी साधनं, असे तुकडे त्यातून सुटे होऊन आत येत राहिले. ज्यांना रिअल-टाइम म्हणजे काय हेही माहीत नाही, तेसुद्धा ते वापरत होते.

माझं इतकंच. आता तुमच्या प्रकल्पांबद्दल विचारा. डेटाबेसच्या मायग्रेशनवर कुणाचा प्रश्न असेल तर तो आधी घेऊ.