परदेशी जाणारे आपले डॉक्टर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



चिटणीसांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी प्रथम संकोचलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर अध्यापनाची पदविका घेऊन मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३८ वर्षे मुलांना शिकविले. वैद्यकशास्त्रात मला गती नाही व परदेश मी पाहिलेला नाही. तथापि माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी काही डॉक्टर झाले, त्यांतील काही परदेशी गेले, आणि एकजण परत आला. त्या एकाच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक घडली, ती आपणांस सांगावी, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

प्रथम थोडे मागे पाहू. १९५६ साली आपल्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तत्पूर्वी मराठवाड्यातील मुलास डॉक्टर व्हावयाचे तर हैदराबाद किंवा मुंबई गाठावी लागे. आज ज्याला आपण नुसते ‘घाटी’ म्हणतो, त्या रुग्णालयाने आपल्यासारख्या साध्या घरांतील किती मुलामुलींचे भाग्य उघडले, हे या सभागृहात निराळे सांगावयास नको. डॉक्टर होण्यासाठी गाव सोडणे हे त्या वेळी मोठे साहस होते. आज त्याच घरांतील मुले डॉक्टर झाल्यावर देश सोडण्याचा विचार करीत आहेत.

यात नवे असे काही नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव आपण जाणता. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला हा तरुण १९३८ साली, वयाच्या २८ व्या वर्षी, युद्धाने होरपळलेल्या चीनमध्ये गेला. काँग्रेसने पाठविलेल्या त्या पाच डॉक्टरांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर हेही होते. कोटणीस तेथे राहिले, चिनी भाषा शिकले, तेथील परिचारिकेशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांना पदवी आपल्या मुंबईने दिली होती, परंतु परक्या रुग्णाचा विश्वास त्यांनी स्वतःच्या जिभेने व हातांनी मिळविला. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टराने ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

ते गेले सेवेसाठी. आजची मुले जातात ती अधिक शिक्षणासाठी, चांगल्या वेतनासाठी आणि सुखाच्या जीवनासाठी. त्यातही मला काही गैर वाटत नाही. परंतु ज्या देशात जावयाचे त्या देशाची दारे कशी उघडतात व कशी मिटतात, याची माहिती आपल्या घरांत फार तोकडी आहे.

इंग्लंडचेच पाहा. ५ जुलै १९४८ रोजी त्या देशाने सर्व नागरिकांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली आणि डॉक्टर अपुरे पडू लागले. त्या काळी भारतीय पदवीवरच तेथे नोंदणी होत असे. हजारो भारतीय डॉक्टर गेले. वृद्धांचे विभाग, मनोरुग्णालये, वेल्समधील कोळशाच्या खाणींची गावे, जेथे गोरे डॉक्टर जाण्यास नाखूष असत, तेथे बहुतांशी आपली माणसे उभी राहिली. पुढे १९७५ साली आपल्या पदव्यांची मान्यता काढून घेण्यात आली व परीक्षा सुरू झाली. तीच आजची ‘प्लॅब’. तिचे दोन भाग. पहिल्यात तीन तासांत १८० प्रश्न सोडवावयाचे. तो भारतातही देता येतो. दुसऱ्या भागासाठी मात्र मँचेस्टरलाच जावे लागते. शिवाय इंग्रजीची परीक्षा वेगळी.

अमेरिकेची वाट आणखी लांब. तेथील १९६५ च्या कायद्याने आशियातील लोकांना दार उघडले खरे. पण परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही एखाद्या रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून निवड व्हावी लागते, आणि तो निकाल वर्षातून एकदाच, मार्च महिन्यात लागतो. इकडे विशेषज्ञ म्हणून नाव मिळविलेल्या माणसालाही तेथे बहुधा पुन्हा पहिल्या पायरीवर बसावे लागते.

नियम रात्रीतून पालटतात, हेही जाणून असावे. २००६ साली ब्रिटिश सरकारने परदेशी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचे नियम एकाएकी बदलले. परीक्षा देऊन बसलेली आपली मुले अधांतरी राहिली. तेथील भारतीय डॉक्टरांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली व २००८ साली सर्वोच्च पातळीवर एका महत्त्वाच्या मुद्द्यावर त्यांच्या बाजूने निर्णय झाला. परंतु तोवर कित्येकजण सामान बांधून परतले होते. गेल्या काही वर्षांतही तेथे परीक्षा उत्तीर्ण होऊन नोकरीविना थांबलेल्यांची संख्या वाढली आहे. परीक्षा हे प्रवेशपत्र आहे, नेमणूकपत्र नव्हे.

आता त्या विद्यार्थ्याविषयी सांगतो. त्याचे नाव घेत नाही. पैठण तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा हा मुलगा चौथीत माझ्या वर्गात होता. पुढे घाटीतून डॉक्टर झाला. शासनाशी केलेल्या करारानुसार त्याने एक वर्ष ग्रामीण भागात सेवा केली आणि मग इंग्लंडचा ध्यास घेतला. वडिलांनी दोन एकर जमीन गहाण टाकली. तो दोन्ही परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाला. गावात पेढे वाटले. त्यातला एक मीही खाल्ला.

त्यानंतर त्याने अर्ज करण्यास आरंभ केला. एका खोलीत चौघे राहात. एका रुग्णालयात तो विनावेतन नुसता उभा राहून काम पाहात असे, कारण ‘येथील अनुभव आहे काय?’ हा प्रश्न प्रत्येक अर्जात असे. सव्वा वर्ष असे गेले. व्याज वाढत राहिले. अखेर तो परत आला.

त्याच उन्हाळ्यात एका लग्नात तो मला भेटला. चारचौघांच्या पंगतीत मी मोठ्याने विचारले, “काय रे, इतक्यात परत आलास? जमले नाही वाटते?” तो उठला, माझ्या पाया पडला आणि न जेवताच निघून गेला.

त्या वेळी मला काहीच वाटले नाही. दोन महिन्यांनी त्याच्या आईची गाठ पडली. ती म्हणाली, “गुरुजी, पोरगं घराबाहेर पडत नाही. दवाखाना काढ म्हटलं तर म्हणतं, नापास डॉक्टरकडं कोण येणार?” त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, आणि जो उत्तीर्ण झाला होता त्यालाच मी पंगतीत नापास केले होते.

मी त्याच्या घरी गेलो. क्षमा मागितली. तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही एकटेच नाही विचारलंत. पण तुम्ही विचारलंत ते लागलं.” आज तो तालुक्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात काम करतो. निम्मे कर्ज फिटले आहे, जमीन अद्याप सुटावयाची आहे. पुन्हा अर्ज करणार का, हे मी त्याला विचारीत नाही.

जी मुले तेथे स्थिरावली त्यांचीही कथा ऐका. आपल्याच एका सभासदाची कन्या वेल्समध्ये वृद्धांच्या विभागात डॉक्टर आहे. दिवाळीत तिचा फोन आला होता. मी विचारले, “बाई, औषधे, रोग, सारे तेथे वेगळे असते काय?” ती म्हणाली, “काका, रोग तेच, बोलणं वेगळं. आपल्याकडं नातेवाईक म्हणतात, पेशंटला सांगू नका. इथं आधी पेशंटलाच सांगावं लागतं, आणि त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या मुलालाही सांगता येत नाही. हे शिकायला मला वर्ष लागलं.” मँचेस्टरची परीक्षा रुग्णाशी कसे बोलता, हे इतके बारकाईने का पाहते, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. तिचे आईवडील येथे सिडकोत दोघेच राहतात. वडिलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा शेजारच्या मुलाने रिक्षातून नेले. यशाचीही किंमत असते. ती कोणीतरी मागे राहून मोजीत असतो.

मंडळी, परदेशी जा अथवा जाऊ नका, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, जाणाऱ्या मुलाच्या घरच्यांनी निघण्यापूर्वी एक हिशेब लेखी करावा : परीक्षांचा खर्च किती, नोकरी न मिळता किती महिने थांबता येईल, आणि कोणत्या तारखेस परतावयाचे. ही तारीख आधी ठरली असेल तर परतणे हा पराभव ठरत नाही. राहती जमीन व घर मात्र गहाण टाकू नये.

दुसरी, मंडळाच्या शिक्षणनिधीतून परीक्षेच्या शुल्कापुरते बिनव्याजी कर्ज द्यावे, आणि परदेशात असलेल्या आपल्या डॉक्टरांची एक यादी चिटणीसांकडे असावी. नवख्या मुलाला दलालापेक्षा घरच्या माणसाचा सल्ला मिळेल.

तिसरी सूचना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण. या व्यासपीठावर आपण दरवर्षी परदेशी निघालेल्यांना नारळ देतो. परत आलेल्यालाही तोच नारळ द्यावा. आणि लग्नाच्या पंगतीत त्याला एवढेच विचारावे, “बरा आहेस ना? जेवलास का?”

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही कोठेही गेलात तरी ज्या रुग्णाचा हात तुमच्या हातात असेल, तोच तुमचा देश, असे समजून काम करा. आणि परत यावेसे वाटले तर निःसंकोच या. तुमचे गुरुजी तुम्हाला प्रश्न विचारणार नाहीत.