खालाची जीभ

माझ्या खालाला वेड लागलं, असं आमच्या मोहल्ल्याने ठरवूनच टाकलं होतं. बाई पासष्टीची. शेजारीण पाण्यात काहीतरी कालवते म्हणून ती रात्रभर रांजणाची राखण करायची. मध्येच उठून मयत खालूंना हाका मारायची. पाच गुरुवार तिला दर्ग्यावर नेलं, तावीज बांधला. दर्ग्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथे तिला झोप तरी लागायची. पण मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मीही नुसतं गाडीभाडं देत राहिलो.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी तिची जीभ पाहिली. लालभडक, गुळगुळीत. "मावशी, पायांना मुंग्या येतात का?"

"दो साल हुए, बेटी. पूछा किसने?"

रक्त तपासलं. बी-१२ जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं. हे जीवनसत्त्व मटण, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं. धान्यात, भाजीपाल्यात ते नसतं. मज्जातंतूंवरचं आवरण त्याच्यावर टिकतं. ते घटलं की विसरभोळेपणा, उदासी, संशय, भास असं काहीही होऊ शकतं. अंगात रक्त कमी नसतानाही होतं, हे १९८८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून दुखणं दबक्या पावलांनी येतं.

मुसलमानाच्या घरात रोज मटण शिजतं, असा एक समज आहे. खालू गेल्यापासून खालाचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, ठेचा आणि बिनदुधाचा चहा. बकरी ईदचा वाटा आला की तो नातवंडांच्या ताटात. त्यात मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिनची गोळी. तिच्यामुळेही बी-१२ अंगी लागणं कमी होतं.

इंजेक्शनं सुरू झाली. दोनेक महिन्यांनी खाला स्वतःच शेजारणीकडे विरजण मागायला गेली! मनाची सगळी दुखणी अशी सुईने जात नाहीत. स्किझोफ्रेनियाला, नैराश्याला त्यांचे त्यांचे उपचार लागतात, ते बंद करू नका. पण घरातलं म्हातारं माणूस अचानक बदललं, तर एकदा रक्त तपासून घ्या.

पायांचा बधिरपणा मात्र गेला नाही. फार उशीर झाला होता. चप्पल निसटली तरी खालाला कळत नाही. चार पावलं चालली की ती थांबते आणि मागे वळून बघते.