दोघांच्या मध्ये कोण?



अध्यक्षानं आधी आभार मानायचे, मग मराठीच्या भवितव्याची काळजी करायची आणि शेवटी सरकारला चार शब्द सुनवायचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. आभार मी मनापासून मानते. उरलेली दोन कामं करणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते गेल्या पंधराएक वर्षांतल्या मराठी सिनेमातल्या नात्यांबद्दल.

१९३७ च्या ‘कुंकू’त नीराचं लग्न एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून दिलं जातं, आणि ती ते लग्न मानायचं साफ नाकारते. १९८२ च्या ‘उंबरठा’त सुलभा महाजन महिला सुधारगृहात नोकरी करायला घर सोडते. परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. दोन्ही सिनेमे काळाच्या पुढचे, यात वाद नाही. पण या दोघींना आडवं येणारं माणूस घरातलं होतं, समोर दिसणारं होतं. त्याच्याशी भांडता येत होतं.

आता जयंत सोमलकरचा ‘स्थळ’ बघा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात घडणारा, गावातल्याच माणसांना घेऊन केलेला. सुरुवातीला मुलगा स्टुलावर अवघडून बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारताहेत. थिएटरात हशा पिकतो. मग कळतं, ते नायिकेचं, सविताचं स्वप्न होतं. पुढे स्टुलावर तीच बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणते? पाहुणे पोहे खाऊन जातात, पुन्हा दुसरे येतात, पुन्हा तेच प्रश्न. दिग्दर्शक हा कार्यक्रम इतक्यांदा दाखवतो की आपण खुर्चीत चुळबुळू लागतो, आणि त्याला तेच हवं असतं. यात दुष्ट कोण? बाप मायाळू आहे, पण त्याचा कापूस भावाची वाट बघत पडून आहे. भाव आला तर हुंडा, हुंडा जमला तर लग्न. सविताच्या आणि तिच्या आयुष्याच्या मध्ये कापसाचा बाजार उभा आहे. त्याच्याशी कसं भांडणार?

‘सैराट’चं नाव काढलं की लोकांना गाणी आठवतात, नाहीतर तो शेवट. मला आठवतं हैदराबाद. पाटलाची बुलेट उडवणारी आर्ची परश्याबरोबर पळून तिथल्या झोपडपट्टीत येते. घाण, उकाडा, परकी भाषा. ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, हळूहळू रुळते. आणि जातीची भिंत ओलांडून आलेला, जिवाला जीव देणारा परश्या तिच्यावर संशय घेतो, हात उचलतो. नागराज मंजुळेंनी इथं आपल्या नायकालाही सोडलं नाही. बापाच्या माणसांपासून पळता येतं. आपल्या आतल्या नवऱ्यापासून पळायचं कुठं? जातीवर बोलणाऱ्या चर्चांमध्ये हा भाग नेहमी मागे राहतो. तो मागे राहतो, याचीही चर्चा व्हायला हवी.

रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ २०२५ साली सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद मुंबईहून गावी जातो. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात आणि त्याच वेळी लहानपणचा मित्र बाळ्या पुन्हा जवळ येतो. या सिनेमातली आई मला फार मोठी वाटते. मुलाला पुरुष आवडतात हे तिला ठाऊक आहे. त्यावर रडारड नाही, भाषण नाही. मराठी पडद्यावरच्या आईनं आजवर इतके अश्रू ढाळले, की हिचं सरळ वागणं बघताना थोडं बावरायला होतं.

माझी तक्रार आता. नात्यांतला बदल शोधायला आपला सिनेमा गावाकडे जातो. उपनगराकडे वळतो तो क्वचित. अपवाद चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’चा. त्यात नूतन ही सरकारी वकील दिवसा एका शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणून युक्तिवाद करते, संध्याकाळी लोकलमध्ये मैत्रिणीशी घरगुती गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाकाला लागते. अशा बाया या सभागृहातच किती बसल्या असतील!

मुंबईच्या उपनगरातल्या या मरोळचंच घ्या. गावठाणात ईस्ट इंडियन कुटुंबं त्यांची वेगळी मराठी बोलतात. एमआयडीसीच्या कारखान्यांत कोकणातून, घाटावरून आलेल्यांची नातवंडं आज काचेच्या इमारतींत रात्रपाळी करतात. मरोळ नाक्यावर मेट्रोच्या दोन मार्गिका मिळतात, आणि एकमेकांची जात न विचारलेली मुलं-मुली तिथं रोज एका डब्यात चढतात. लग्नाचं निघालं की मात्र जात विचारली जाते. झोपडी जाऊन झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, म्हणजे एसआरएच्या इमारतीत घर मिळतं. उघड्या दाराची सवय असलेल्या सासूला बंद दाराआड दिवस काढावा लागतो, तर सुनेला पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळते. एकाच घरात एकीचं नुकसान आणि दुसरीचा फायदा. यावर सिनेमा का नाही?

पैसे नाहीत, प्राइम टाइमचे खेळ मिळत नाहीत, ही कारणं मला माहीत आहेत आणि ती खरीही आहेत. पण ‘स्थळ’कडे तरी कुठं पैसा होता? मला वाटतं, आपल्या लेखकांना उपनगर म्हणजे फक्त राहायची जागा वाटते. गोष्ट गावाला असते, आपण सुटीत तिच्याकडे जातो.

दुपारच्या सत्रात तरुण दिग्दर्शक येणार आहेत. त्यांना पुरस्कारांबद्दल विचारूच. त्याआधी एवढं विचारा, की तुम्ही राहता त्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांपैकी एकाची तरी गोष्ट तुम्ही लिहायला घेतली आहे का?